परिचारिकेची पुढची पायरी

आपल्या समाजात परिचारिका नसलेले घर शोधावे लागते. रात्रपाळ्या करून तिने धाकट्या भावंडांची शिक्षणे केलेली असतात, घराची कौले बदललेली असतात. मात्र तिच्या स्वतःच्या पुढील शिक्षणाचा विषय निघाला की घर गप्प होते. बी.एस्सी. झाली, नोकरी लागली, आता आणखी कशाला?

शिफारसपत्रासाठी माझ्याकडे अशा मुली येतात. मागे एक जण आईसह आली होती. एम.एस्सी. नर्सिंग करून महाविद्यालयात शिकवावे, ही तिची मनीषा. आई म्हणाली, "फादर, लग्नाला कर्ज काढू; पण शिकायला कुणापुढे हात कसा पसरायचा?" लग्नाचे कर्ज आपण मानाने काढतो आणि शिक्षणाचे मात्र भिक्षा समजतो, याचे मला दुःख झाले. मी त्या माउलीसमोर हिशेबाचा कागदच मांडला.

या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बी.एस्सी.नंतर एका वर्षाचा अनुभव इंडियन नर्सिंग कौन्सिलने आवश्यक ठरविला आहे. ते वर्ष म्हणजे तयारीचा काळ होय. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, अनुभवाचे प्रमाणपत्र त्याच वर्षात जमवावे. पहिला प्रयत्न शासकीय महाविद्यालयासाठी करावा, कारण तेथे शुल्क बरेच कमी असते. त्यानंतर परतफेड नसलेली शिष्यवृत्ती शोधावी आणि कर्ज उरलेल्या रकमेपुरतेच घ्यावे.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांपर्यंत घरदार तारण ठेवावे लागत नाही. हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र आधीपासून चढत असते, हे विसरू नये. २०२४ साली मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील विद्यार्थ्यांना, कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर या सवलतीच्या काळात व्याजात तीन टक्के सूट मिळू शकते. आपले महाविद्यालय त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशापूर्वीच पाहावे.

हे सारे एकट्या मुलीने निस्तरावे, अशी अपेक्षा का धरावी? आपल्या धर्मग्रामांत बँकेतून निवृत्त झालेले, शाळांतून निवृत्त झालेले कितीतरी जण आहेत. महिन्यातील एक सायंकाळ त्यांनी या मुलींचे अर्ज भरून देण्यासाठी राखून ठेवावी. दुसऱ्यांच्या उशाशी रात्री जागणाऱ्या या मुलींसाठी समाजाने एवढे जागरण करायला काय हरकत आहे?