मधली जागा

सांडोरच्या गल्ल्यांत गाडी शिकलेल्या माणसाला पुढच्या गाडीपासून किती लांब राहायचं, हा प्रश्न पडत नाही. दोन्ही बाजूंना वाड्या, मध्ये अरुंद रस्ता, वेग जेमतेम पंचवीस. पुढच्या रिक्षाला चिकटून चाललं तरी निभावतं. हीच सवय पापडी, माणिकपूर, गोखिवरे करत वसई फाट्यापर्यंत येते आणि अहमदाबाद हायवेवर चढते. तिथे वेग ऐंशीचा होतो, जागा मात्र गल्लीतलीच राहते.

माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. मी हायवेवर चालवायला लागलो तेव्हा ते शेजारी बसायचे. "पुढची गाडी खांबाजवळून गेली की मोजायला लाग. तिनाच्या आत आपण खांबाशी पोचलो, तर सोड अ‍ॅक्सिलेटर. पावसात सहा मोजायचे." ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. म्हणजे पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच दोन बसगाड्यांएवढा रस्ता संपलेला असतो. गाडी थांबायला सुरुवात त्यानंतर.

एका जुलैत पेल्हारच्या पुढे सर कोसळत होती. पुढे भाजीचा टेम्पो. पाण्याने भरलेला खड्डा त्याला अगदी जवळ आल्यावर दिसला असावा, कारण तो जागीच दबला. माझ्याकडे जागा होती, म्हणून ब्रेक हळूहळू दाबत, पुढे सरकत थांबता आलं. आरशात पाहिलं तर मागे कंटेनर, दिवे अगदी अंगावर. तोही थांबला, पण माझ्या गाडीच्या इतका जवळ की त्याची जाळी काचभर दिसत होती. मी करकचून ब्रेक मारला असता तर त्याला थांबायला रस्ताच उरला नसता. पुढे राखलेली जागा त्या दिवशी मागच्याच्या कामी आली. तेव्हापासून कोणी मागून चिकटलं की मी पुढचं अंतर आणखी वाढवतो.

जागा सोडली की कोणीतरी घुसतंच, अशी गावातल्या मित्रांची तक्रार असते. खरं आहे, घुसतात. मी पुन्हा मागे राहतो. एका गाडीमागे फार तर तीन सेकंद जातात; मनोरपर्यंत वीस जण घुसले तरी मी मिनिटभर उशिरा पोचतो.