सांगितलेलं डोक्यात टिकत नाही तेव्हा

‘बालभारती काढा, बारावं पान उघडा, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा.’ पोरगं पुस्तक काढतं आणि नुसतं बसून राहतं. मग ‘याचं लक्षच नाही’ असा निकाल बुलडाण्यापासून संग्रामपूरपर्यंत कुठल्याही वर्गात लागतो, याचा मला राग येतो. ऐकलेलं काही क्षण मनात धरून त्यावर काम करायचं, त्याला कार्यकारी स्मृती म्हणतात. बॅडली आणि हिच यांनी तिची मांडणी १९७४ मध्ये केली. १९९० मध्ये गॅदरकोल आणि बॅडली यांना दिसलं की भाषेत मागे पडणाऱ्या मुलांना अर्थ नसलेला लांब शब्द ऐकून लगेच म्हणणं फार जड जातं, बाकी बुद्धी ठीक असली तरी. त्यांनी तपासलेली मुलं मोजकीच होती, पण पुढे अनेकांना तेच आढळलं.

कुणी म्हणेल, जळगाव जामोदकडच्या कोरकू किंवा निहाली घरातल्या मुलाला मराठीच नवी. त्याला दोष कशाला चिकटवता? रास्त आहे. पण म्हणूनच निरर्थक शब्द म्हणायला लावायची ही चाचणी बरी. शब्दसंग्रह तपासला तर ते मूल हमखास मागे पडणार. निरर्थक शब्द कुणालाच आधी ठाऊक नसतो. तो मराठी वळणाचा घडवला तर मात्र पारडं पुन्हा मराठी घराकडे झुकतं. तेव्हा मूल घरच्या बोलीत कसं बोलतं, हे आईला विचारावंच लागेल.

मला खरं खुपतं ते कायद्याचं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आले, त्यात वाचा व भाषाही आली. व्याख्या वाचावी तर काय, स्वरयंत्र काढणं किंवा मेंदूला इजा होऊन वाचा जाणं अशा शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेली कायमची अवस्था! ज्याला भाषाच उशिरा, अडखळत येते आणि कारण काही सापडत नाही, त्या पोराला कुठल्या रकान्यात बसवायचं? अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत बोललेल्या भाषेचा उल्लेख आहे, कबूल. पण तिची शाळेतली चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, आणि पहिली-दुसरी तर तोवर हातची गेलेली असते.

एवढं भांडूनही दिव्यांग प्रमाणपत्रानं वर्गात किती फरक पडेल, याची मला खात्री नाही. एका वेळी एकच सूचना द्यायला, ती फळ्यावर लिहायला गुरुजींना कुणाचा शिक्का लागत नाही. स्मरणशक्ती वाढवण्याच्या खेळांवर मात्र पालकांनी पैसा घालवू नये. २०१३ मध्ये मेल्बी-लेर्वोग आणि ह्युम यांनी अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा खेळातले गुण वाढलेले दिसले, वाचन मात्र होतं तिथंच.