मे महिना आणि एक जाड पुस्तक

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की मुलांच्या हाती सुट्टीतल्या अभ्यासाचा कागद पडतो. अलीकडे तो पालकांच्या फोनवरही येतो. रोज एक पान शुद्धलेखन, तीसपर्यंत पाढे, नकाशा भरणं, टाकाऊपासून टिकाऊ वस्तू, आणि या सगळ्याच्या मधे एक ओळ : ‘अवांतर वाचन – कोणतीही दहा पुस्तकं वाचून प्रत्येकाची माहिती दहा ओळींत लिहा.’

सहावी, सातवी, आठवीच्या मुलांसाठी लिहिलेल्या या ओळीबद्दल मला मनापासून माया आहे. कुणा बाईंनी, कुणा सरांनी ती आठवणीनं घातलेली असते. ज्या घरात पाठ्यपुस्तकं आणि भिंतीवरचं कॅलेंडर सोडलं तर छापील असं काही नसतं, तिथे या एका ओळीच्या जोरावर मूल आईला सांगू शकतं, ‘शाळेनं सांगितलंय, मला वाचनालयात नाव घालून दे.’ म्हणून ती ओळ राहिलीच पाहिजे. माझं मागणं एवढंच, की तिच्यातला ‘दहा’ पुसून तिथे ‘एक’ लिहावा. पुस्तक एकच असावं, पण ते जाड असावं.

आपल्याकडची मे महिन्यातली दुपार डोळ्यांपुढे आणा. जालना, अकोला, नागपूर या बाजूला अकरा वाजताच रस्ते ओस पडू लागतात. खिडक्यांना ओले पडदे लागतात, कुलरची घरघर सुरू होते. कोकणात अंगाला कपडा चिकटतो आणि पडवीत आंब्याची अढी घातलेली असते. कुठेही असा, घरातली मोठी माणसं एकच सांगतात : उन्हात फिरू नका. ऊन उतरून मैदानावर पोरं जमेपर्यंत चार-पाच तास मुलाच्या हातात अगदी मोकळे असतात. शाळा चालू असताना असा सलग वेळ त्याच्या वाट्याला येतच नाही. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, मग घंटा, मग रिक्षा, मग शिकवणी. सगळं वर्ष तुकड्यातुकड्यांचं असतं. अख्खी दुपार हाती लागते ती फक्त उन्हाळ्यात, आणि जाड पुस्तकाला नेमकी तीच लागते.

धाकट्या वयात गोष्ट एका बैठकीत संपलेली बरी असते. मराठीत त्यासाठी उत्तम सोय होत आली आहे. वा. गो. आपट्यांनी १९०६मध्ये ‘आनंद’ सुरू केलं, १९५२पासून ‘चांदोबा’ मराठीतून येऊ लागला, १९७१मध्ये बालभारतीनं ‘किशोर’ काढलं. या मासिकांनी कित्येक पिढ्यांना वाचायला लावलं. पुढे भा. रा. भागवतांनी फुरसुंगीच्या बनेश फेणेला सायकलवर बसवलं आणि वाचणाऱ्याची पानं भराभर उलटू लागली. पण अकरा ते चौदा या वयात मुलाच्या आत आणखी काहीतरी हालू लागतं. मोठ्यांचं बोलणं त्याला अर्धंमुर्धं कळायला लागतं. आई-वडील चुकू शकतात, हे लक्षात येतं. जवळचा मित्र दुरावतो आणि त्याचं कारण सापडत नाही. अशा वेळी कुणाच्या तरी आयुष्यात दिवसचे दिवस राहून यावं, अशी एक भूक लागते. चाळीस पानांच्या पुस्तकात कुणाशी ओळख होते न होते तोच निरोपाची वेळ येते. जाड पुस्तकात माणसं सावकाश कळतात. आधी न आवडलेला माणूस शंभर पानांनंतर आवडू लागतो. एखाद्याविषयीचं मत बदलायला लागणारा वेळ मुलाला तिथेच अनुभवता येतो.

माझ्या शेजारच्या सातवीतल्या मुलीला एका सुट्टीत ‘पाडस’ वाचताना मी पाहिलं. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या ‘द यर्लिंग’ या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला हा अनुवाद. मूळ पुस्तक १९३८चं, दुसऱ्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. गोष्ट अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या रानातली. ज्योडी नावाचा मुलगा, त्याचे वडील पेनी, कष्टांनी कडक झालेली आई, आणि पोटापुरता मका. वडिलांना विषारी साप चावतो, तेव्हा विष उतरवायला ते एका हरिणीला मारतात. मागे राहिलेलं तिचं पाडस ज्योडी घरी आणतो.

ही मुलगी पहिले दोन दिवस कंटाळली होती. ‘काही होतच नाहीये यात,’ असं तिनं आईला सांगितलंही. आई म्हणाली, ‘मग राहू दे, दुसरं घे.’ तिनं दुसरं घेतलं नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती जेवायच्या हाका ऐकेनाशी झाली. पुस्तक पोटाखाली घेऊन पालथी पडायची, एक पाय हवेत हलत असायचा, आणि गोष्ट अडचणीत आली की तो पाय थांबायचा. पाडस मोठं होऊन मक्याचे कोंब खाऊ लागतं, त्या भागात ती पोचली तेव्हा एकदम उठून बसली आणि तिनं विचारलं, ‘आता घरातले काय खातील?’ एकीकडे जीव लावलेलं जनावर, दुसरीकडे घराची भाकर, आणि दोन्ही बाजू खऱ्या. शेवट इथे सांगत नाही. ज्यानं वाचलेलं नाही त्याच्याकडून तो काढून घेणं बरं नाही. पुस्तक संपल्यावर ती त्या दिवशी खेळायला गेली नाही. आईनं काही विचारलं नाही, नुसतं सरबत आणून दिलं. त्या आईचं मला फार कौतुक वाटतं. अशा वेळी ‘काय शिकलीस यातून?’ असं विचारलं असतं, तर मुलीला चटकन काहीतरी शहाणपणाचं बोलून मोकळं व्हावं लागलं असतं, आणि मनात जे चाललं होतं ते तिथेच थांबलं असतं.

दहा ओळींच्या सक्तीत नेमकं हेच होतं. सुट्टीनंतरच्या अशा वह्या मी पाहिल्या आहेत. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, किंमत, मलपृष्ठावरून उतरवलेला मजकूर आणि शेवटी ठरलेलं वाक्य, ‘यावरून मला असा बोध मिळाला की...’ मुलं आळशी असतात म्हणून असं लिहीत नाहीत. दहाचा आकडा पुरा करायचा असतो, तेव्हा कुठलंही मूल सर्वांत बारीक पुस्तकं शोधणार आणि चाळून ठेवणार. आकडा पुरा होतो, पण एकही पुस्तक मुलाच्या जवळ राहत नाही.

जाड पुस्तक पेलवत नसेल, तर ते वाटून घेण्याची रीतही आपल्याकडे आहे. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतलं आणि त्याचा मोठा भाग अवघ्या पाच दिवसांत लिहून काढला. त्याआधी ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी हातानं लिहून दैनिक काढायचे. या वयाच्या मुलांना रोज थोडं थोडं कसं द्यायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत : श्याम आपल्या आश्रमातल्या सोबत्यांना रोज रात्री एक आठवण सांगतो. अशा रात्री एकूण ४२. आपली उन्हाळी सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण सहा आठवड्यांची. रोज एक रात्र वाचली तर सुट्टी आणि पुस्तक जवळजवळ बरोबरच संपतात. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे आवडलेल्या रात्री पुन्हा वाचायलाही वाव आहे. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला शिंपटीनं मारून पाठवणारी आई, आणि तो परतल्यावर तेच वळ पाहून डोळे भरून येणारी आई, या दोघी एकच कशा, हा प्रश्न बारा वर्षांच्या मुलाला दिवसभर पुरतो. दुसऱ्या दिवशी पुढची रात्र येते.

आठवीतल्या मुलासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आहे. १९५५ची ही कादंबरी आकारानं लहान, पण वाचायला सावकाशीची. एक तरुण मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. मास्तर कधी कधी भेदरतो, एकटा पडतो, माणसं त्याला हळूहळू आपला म्हणतात, हे मुलांनी एकदा मास्तरच्या बाजूनं पाहावं. शास्त्राची ओढ असलेल्याला वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ द्यावं. कुणाला काय द्यायचं, हे ठरवण्यातच शिक्षकाची खरी कसोटी आहे. वर्गातल्या चाळीस जणांना सरसकट एक यादी देणं सोपं. पण वर्षभर मुलं पाहिलेल्या बाईंना माहीत असतं, की कोण प्राण्यांत रमतो, कोण नुकता घरातल्या माणसाला मुकला आहे, कुणाला हसण्याची गरज आहे. कागदावर मुलाच्या नावापुढे एकाच पुस्तकाचं नाव हातानं लिहिलेलं असेल, तर बाईंनी आपला विचार केला हे त्याला कळतं. तो विश्वास सार्थ करायलाही मुलं वाचतात.

पुस्तकं आणायची कुठून, हा प्रश्न खरा आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७मध्ये झाला आणि त्याच्या आधारानं गावोगावी शासनमान्य वाचनालयं उभी राहिली. रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८पासून चालू आहे. अनेक वाचनालयं सुट्टीत मुलांना वेगळी सवलत देतात. शाळेच्या कपाटाला मात्र नेमकं मे महिन्यात कुलूप लागतं, आणि हे मला खरोखर सलतं. वर्षातला सर्वांत मोठा वाचनाचा काळ आणि पुस्तकं कुलपात! शेवटच्या पेपरच्या दिवशी ते कपाट उघडावं, प्रत्येक मुलाच्या हाती एक पुस्तक द्यावं आणि नोंदवहीत सही घ्यावी. जूनमध्ये दोन-चार फाटून येतील, एखादं हरवेलही. फाटलेलं पुस्तक निदान कुणीतरी उघडलेलं असतं.

आणि जूनमध्ये वही तपासू नये. पहिल्या आठवड्यात एक तास मोकळा ठेवावा आणि मुलांना बोलू द्यावं. कोण आवडलं, कुणाचा राग आला, कुठे कंटाळलास, पुस्तक सोडलंस तर कोणत्या पानावर? अर्ध्यात सोडलेल्या पुस्तकावरही मूल मनापासून बोलतं, त्यालाही गुण द्यावेत. सगळ्यांत शेवटी एकच प्रश्न विचारावा : हे पुस्तक आता वर्गात कुणी वाचावं असं तुला वाटतं? ज्याचं नाव निघेल, त्याच्या हाती ते तिथल्या तिथे द्यावं.