पाटील : हुद्दा, आडनाव, पाटी

जासईच्या नाक्यावर 'पाटील' अशी हाक मारली, तर एकाच वेळी अनेक माना वळतात. त्यांतली एक माझी. आपले पूर्वज सगळेच गावप्रमुख होते, असे मला लहानपणी वाटे. इतिहासाच्या अभ्यासाने तो भ्रम फेडला.

परमार राजांच्या ताम्रपटांत 'पट्टकिल' हा ग्रामाधिकारी भेटतो. तोच शब्द झिजून 'पाटील' झाला. म्हणजे मुळात हे कुळाचे नाव नव्हेच, हुद्दा होय. मराठेशाहीत पाटीलकी हे वतन होते : वारशाने मिळे, भावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. दिल्लीपर्यंत दरारा असलेले महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवण्यात भूषण मानीत! कारभार एकाच्या हाती राही, नाव मात्र साऱ्या भाऊबंदांत पसरे. १९६२च्या कायद्याने मुलकी पाटीलकी संपली, आडनाव उरले.

आमच्या घरीही तेवढेच उरले. भातशेती नवी मुंबईसाठी संपादित झाली. जानेवारी १९८४च्या शेतकरी आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्याचे नेते दि. बा. पाटील जासईचेच. २०२२ मध्ये विधिमंडळाने विमानतळाला त्यांचे नाव देण्याचा ठराव केला. गावाने दिलेला हुद्दा आडनाव झाला, आता ते आडनाव जागेचे नाव होऊ पाहते.

आजीला हे सांगितले, तेव्हा तिने विचारले, "आणि आपल्या शेतांची नावं?" प्रत्येक शेताला नाव होते, हे मला ठाऊकच नव्हते. ती सांगते आहे, मी वहीत उतरवतो आहे.