शिरोलीत काठी कुठे रोवायची?

कोल्हापूर सोडून पुण्याकडे निघालात की पंचगंगेचा पूल लागतो. पूल ओलांडला की शिरोली. म्हणून तर गावाला म्हणतातच ‘पुलाची शिरोली’! पुढे एमआयडीसी. ओतकामाचे कारखाने, भट्ट्या, जळक्या वाळूचा वास. आज आपण इथे एक काठी उभी करायला जागा शोधणार आहोत.

काठी म्हणजे ‘हॅम’चा, म्हणजेच हौशी रेडिओवाल्याचा, उभा एरियल. ऑगस्ट 2019 मध्ये पुराचं पाणी याच महामार्गावर चढलं आणि रस्ता काही दिवस बंदच पडला. जुलै 2021 मध्ये पुन्हा तेच. अशा वेळी वीज गेली, फोनही मुके झाले, तर? बॅटरीवरचा हॅम सेट तेव्हाही बोलतो. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हॅम रेडिओवरूनच निरोप पोहोचवले होते.

काठीची उंची काढणं सोपं आहे. 300 ला मेगाहर्ट्झने भागा, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. तिचा चौथा भाग म्हणजे काठी. प्रत्यक्षात किंचित कमी. 145 मेगाहर्ट्झला ती जेमतेम हातभर होते, 7 मेगाहर्ट्झला मात्र चक्क 10 मीटर!

आता खिशातला छोटा ट्रान्झिस्टर काढा. मीडियम वेव्हवर जिथे एकही स्टेशन नाही तिथे काटा ठेवा आणि चालू लागा. एखाद्या विजेच्या भट्टीजवळ किंवा वेल्डिंगच्या शेडपाशी कशी घरघर वाढते बघा! दूरचा बारीक आवाज या गोंगाटात बुडणारच. उभी काठी असला गोंगाट जरा जास्तच ओढून घेते. ट्रान्झिस्टर सावकाश गोल फिरवलात, तर घरघर कुठल्या दिशेने येते याचाही अंदाज लागतो. आणि हो, ही फेरी कामाच्या दिवशीच मारा. सुट्टीच्या दिवशी सगळीच जागा शांत वाटते, फसाल!

चालत चालत आलो नदीकडच्या उसाच्या रानात. घरघर थांबली. काळी, ओलसर माती. उभ्या काठीच्या बुडाशी जमिनीवर चहूकडे तारा पसरतात. त्यांना अशी माती फार मानवते. जागा नामी! पण थांबा. पूर आला की आधी बुडणार कोण? हेच रान. ज्या दिवसासाठी काठी हवी, त्याच दिवशी ती पाण्यात. छे!

मग मागे फिरू. भट्ट्यांपासून लांब, चढावर, एखादं पत्र्याचं गोदाम शोधू. मशीन नसलेलं. हातभर काठी छपराच्या मधोमध बसवली, की पत्राच तारांचं काम करतो. मात्र पत्रे एकमेकांना नीट जोडलेले हवेत. गंजलेले सांधे स्वतःच कुरकुरतात. 10 मीटरची काठी मात्र बाजूच्या मोकळ्या जागेत. तीही अशी, की चुकून आडवी झाली तरी विजेच्या तारेला शिवणार नाही. ही अट मोडायची नाही, बरं का! आणि वीज पडण्याची भीती असतेच, तेव्हा अर्थिंग जाणकार मोठ्या माणसाकडूनच करून घ्यायचं.

बोलायला परवाना लागतो. त्याची परीक्षा 12 वर्षांच्या मुलांनाही देता येते. ऐकून जागा पारखायला मात्र ट्रान्झिस्टर पुरे.

गोदामाच्या वॉचमनकाकांना विचारून आत जाऊ. काटा तसाच ठेवा... ऐकलंत? फक्त हलकी सरसर. सेट आणि बॅटरी कुठे ठेवायची म्हणता? वर, माळ्यावर!