एकाच घडातले मणी

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षाची पारख आधी डोळ्यांनी होते, जिभेनं नंतर. सगळे मणी एका मापाचे, एका रंगाचे, देठ हिरवागार, मण्यावरचा पांढुरका थर न पुसलेला. युरोपला माल जायचा असेल तर पॅकहाऊसमध्ये बायका कात्र्या घेऊन बसतात आणि घडातला प्रत्येक बारका, तडकलेला, वेगळ्या रंगाचा मणी कापून काढतात. त्यासाठी वर्षभर विरळणी, जीए या संजीवकाच्या बुडवण्या, डाऊनी आणि भुरी या बुरशीरोगांवरच्या फवारण्या चालतात. मी या बागांमध्ये वाढले. त्यामुळे दिंडोरीकडच्या एका नातेवाइकांच्या शेतात झिनफँडेल या वाइनच्या द्राक्षाचा घड हातात आला, तेव्हा मी आणि आमचे आप्पा, दोघंही गप्प झालो.

फेब्रुवारी होता, तोडणी तोंडावर आलेली. घड मोठा, गच्च भरलेला, दोन खांदे बाहेर निघालेले. त्यात काळेभोर मणी होते, जांभळे होते, गुलाबी होते, दोन-चार चक्क हिरवे होते आणि खांद्यावरचे काही सुकून मनुका झाले होते.

"ह्या एकाच घडात चार बहार दिसताहेत," आप्पा म्हणाले. "असला माल पॅकहाऊसवाला दारात उभा करायचा नाही."

"असाच पिकतो हा, आप्पा," नातेवाईक म्हणाले. "वायनरीवाल्यांना असाच पाहिजे."

ते खरं होतं. झिनफँडेलचा घड असमान पिकतो, हा या वाणाचा जगभर नोंदवला गेलेला स्वभाव आहे. साल पातळ, मणी दाटीवाटीचे, म्हणून कूज लवकर धरते. बागायतदाराच्या हिशोबात या तिन्ही खोडीच. आम्ही त्या मण्यांची चव घेतली. हिरवा मणी दात आंबवणारा, काळा मधासारखा, मनुका झालेला जवळजवळ गुळमट, आणि प्रत्येकात बिया. थॉमसन सीडलेसवर जन्म गेलेल्या आप्पांनी बिया हातावर घेऊन नीट पाहिल्या. पिकलेली बी तपकिरी होते, हे त्यांनी मला दाखवलं. वाइन करणारेही तोडणीआधी तेच पाहतात.

त्या दिवशी संध्याकाळी नाशिकच्याच झिनफँडेलची बाटली आम्ही उघडली. महागडी नव्हे, नेहमीच्या दुकानात सहज मिळणारी, ओकच्या पिंपात न मुरवता स्टीलच्या टाकीतून थेट बाटलीत आलेली तरुण वाइन. आप्पा माळकरी. ते पीत नाहीत आणि मी त्यांना कधी आग्रह केलेला नाही. पण द्राक्षाचं पुढं काय होतं हे त्यांना बघायचं होतं, म्हणून त्यांनी ग्लास हातात घेऊन वास घेतला.

"जांभळाचं सरबत हाये का हे?"

मला त्याच्या जोडीला तुतीही जाणवत होती. पिकून काळी झालेली, बोटं रंगवणारी तुती. ग्लास थोडा फिरवल्यावर आलुबुखार, मग मागून काळी मिरी आणि दालचिनीचा एक हलका झोत. वास इतका गोड की जीभ साखरेची वाट पाहू लागते. घोट घेतला तर साखर नाही! आंबटपणा आहे, करवंदासारखी बारीक तुरटी हिरड्यांवर आहे, गिळल्यावर घशात दारूची ऊब आहे, पण गोडी नाही. फळाचा गंध पूर्ण आणि साखर जवळपास शून्य, ही गोष्ट मला अजूनही विलक्षण वाटते. टाकीत यीस्ट सगळी साखर खातं, तिची दारू आणि कार्बन डायऑक्साइड करतं, आणि जाता जाता काही नवे सुगंधी पदार्थही तयार करतं. द्राक्षाचा गोडवा असा नाकापुरता उरतो.

या वाइनला पुष्कळ लोक 'साधी' म्हणून बाजूला ठेवतात. मला ते पटत नाही. महागड्या वाइनमध्ये पिंपाची व्हॅनिला असते, वर्षानुवर्षं मुरण्यातून आलेला चामड्याचा, तंबाखूचा वास असतो. त्याचं मोल वेगळं. स्वस्त तरुण वाइनकडे यातलं काहीच नसतं. तिच्याकडे फक्त फळ असतं. म्हणून शेतात काय झालं हे तिच्यात जास्त स्पष्ट ऐकू येतं. त्या दुपारी मी मणी चाखले होते आणि संध्याकाळी तेच वाण पीत होते, त्यामुळे मला ते नीट ओळखता आलं. हिरव्या-गुलाबी मण्यांचा आंबटपणा वाइनला उभं ठेवतो, काळे मणी तुती-जांभूळ देतात आणि मनुका झालेले मणी तो शिजवलेल्या मुरांब्यासारखा शेवट देतात. एका मापाच्या, एकसारख्या पिकलेल्या घडातून ही वाइन अशी झालीच नसती. आमच्या पॅकहाऊसमध्ये जे कात्रीनं कापून फेकतात, त्यावर हिची चव उभी आहे.

मनुक्यांची आणखी एक गंमत नातेवाइकांनी सांगितली. आपल्या खाण्याच्या द्राक्षात सोळा-अठरा ब्रिक्स (हे साखरेचं माप) आली की तोडणीची घाई. वाइनसाठी चोवीसच्या आसपास जाऊ देतात. पण झिनफँडेलचा रस काढल्या काढल्या मोजला तर आकडा खरा निघत नाही. सुकलेले मणी टाकीत भिजतात, फुगतात आणि एक-दोन दिवसांत आतली साखर सोडतात. आकडा वर चढतो आणि वाइन अंदाजापेक्षा कडक होते. आप्पांना हे फार आवडलं. साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्यांवर त्यांचा जुना राग आहे.

हे वाण नाशिकला आणलं राजीव सामंत यांच्या सुला वायनरीनं. कॅलिफोर्नियात शिकून, तिथं काम करून ते परतले होते आणि त्यांचे सल्लागार केरी डॅमस्की सोनोमाचे, म्हणजे झिनफँडेलच्या घरचेच. मात्र तिकडचं पंचांग इथं चालत नाही. कॅलिफोर्नियात वेल हिवाळ्यात झोपते आणि फळ सप्टेंबरच्या सुमारास, थंडीकडे सरकत्या हवेत पिकतं. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी, आणि घड पिकतो तो थंडीकडून उन्हाळ्याकडे जाणाऱ्या हवेत. जानेवारीच्या गार रात्री आंबटपणा राखतात, फेब्रुवारी संपता संपता ऊन तो झपाट्यानं उतरवतं. तोडणीला दोन-चार दिवसांचा उशीरही वाइनमध्ये दिसतो. नाशिकच्या झिनफँडेलमध्ये मला जो हलकेपणा वाटतो, कॅलिफोर्नियातल्या लोडीच्या जाड, मुरांबी झिनफँडेलपेक्षा वेगळा, त्याचं मूळ मी या उलट्या ऋतूत शोधते.

अमेरिकेचं म्हणून मिरवलेलं हे वाण मुळात अमेरिकेचं नाही, ही कथा तर मी आप्पांना रात्री जेवताना सांगितली. 1820च्या दशकात ते युरोपातून रोप म्हणून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडला आलं आणि सोन्याच्या शोधात माणसं कॅलिफोर्नियाकडे धावली, त्या काळात तेही तिकडे पोचलं. मूळ गाव कुणालाच ठाऊक नव्हतं. 1967 मध्ये ऑस्टिन गोहीन हे वनस्पतिरोगतज्ज्ञ इटलीत बारीला गेले असताना त्यांना प्रिमितिवो नावाची वाइन मिळाली. चव ओळखीची वाटली म्हणून त्यांनी बाग पाहिली, तर वेलीही तशाच. पुढे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ यांनी डीएनए तपासून दोन्ही एकच असल्याचं सिद्ध केलं. पण इटलीही मूळ नव्हतं. झाग्रेबच्या इव्हान पेयिच आणि एदी मालेतिच यांच्यासोबत त्यांनी क्रोएशियाचा किनारा पालथा घातला आणि 2001 मध्ये स्प्लिटजवळच्या कास्टेला परिसरात, मिश्र जुन्या बागेत, मोजक्या उरलेल्या वेली जुळल्या. तिथलं नाव त्सर्लयेनाक कास्टेलान्स्की.

"म्हणजे काही वेली राहिल्या म्हणून कळलं," आप्पा म्हणाले. "नाहीतर कुणी उपटून टाकल्या असत्या तर?"

कॅलिफोर्नियातही ते घडता घडता राहिलं. 1970च्या दशकात सटर होम वायनरीनं याच काळ्या द्राक्षापासून गुलाबी, गोडसर 'व्हाइट झिनफँडेल' बनवली आणि ती एवढी खपली की शेतकऱ्यांनी जुन्या झिनफँडेलच्या बागा उपटल्या नाहीत. त्या वाइनला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हवं. शंभर वर्षांच्या वेली आज उभ्या आहेत त्यात तिचा मोठा वाटा आहे.

जेवणाचं सांगते. त्या रात्री खानदेशी भरीत होतं, काड्यांवर भाजलेल्या हिरव्या वांग्याचं, शेंगदाणे घातलेलं, सोबत कळण्याची भाकरी. भरिताचा धुरकट वास आणि वाइनमधली तुती एकमेकांत अशी मिसळली की मी दुसरं काही वाढून घेतलं नाही. शेवभाजीबरोबर मात्र ही वाइन पिऊ नये. दारू तिखटाची आग वाढवते आणि झिनफँडेलमध्ये दारू कमी नसते; दोन घासांत जांभूळ नाहीसं होतं, नुसता जाळ उरतो. काळ्या मसाल्याचं मटण चालतं, मिरची आवरून घातली असेल तर.

रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नसते, हा सल्ला थंड देशातल्या घरांसाठी आहे. नाशिकच्या एप्रिलात बाटली तशीच उघडली तर नाकाला फळाआधी दारू लागते. फ्रीजमध्ये ठेवून साधारण सोळा-सतरा अंशांवर आली की फळ परत पुढे येतं. आणि घेताना बाटलीवरचं वर्ष बघा. ही साठवायची वाइन नाही, जितकं अलीकडचं वर्ष तितकी बरी. उरली तर बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवावी. दुसऱ्या दिवशी जांभूळ थोडं मागे सरतं आणि मिरी, दालचिनी वर येतात. मला ती दुसऱ्या दिवसाची चव पहिल्या दिवसाहून जास्त आवडते. तिसऱ्या दिवशी मी ती स्वयंपाकाला वापरते.