पतसंस्थेच्या कॉम्प्युटरची चावी कोणाकडं आहे?

राजारामपुरीत गेली वीस वर्षं छोट्या संस्थांचे कॉम्प्युटर सांभाळतोय. आजचा विषय जरा रुक्ष आहे, पण त्यात पैसा तुमचा-आमचा आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

सध्या एका पतसंस्थेचं काम बघतोय. पिग्मी एजंटाच्या खिशात चांगला मोबाईल आहे, पण हिशेबाचा प्रोग्राम फक्त ऑफिसातल्या विंडोजवर चालतो. म्हणून एजंट दिवसभर वहीत लिहितो आणि संध्याकाळी क्लार्क तेच आकडे परत टाइप करतो. एखादं शून्य चुकलं तर भाजीवाल्या मावशींना ते कधी कळणार, सांगा.

मॅनेजर म्हणतात, "अहो, मोबाईलवर घ्या की तोच प्रोग्राम!"

घेता येत नाही. ज्या टूलमध्ये तो लिहिला, ते विंडोजपुरतंच होतं आणि बनवणाऱ्या कंपनीनं ते कधीच गुंडाळलं. लिहून देणाऱ्यांनी धंदा सोडला. सोर्स कोड संस्थेकडं नाही. सभासदांची नावं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. दुसऱ्या मशीनवर नेली की 'पाटील'च्या जागी इंग्रजी अक्षरांचं कडबोळं दिसतं.

ही एकाच संस्थेची गोष्ट नाही. जगभर असंच होत आलंय. मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल बेसिक ६ आलं १९९८ मध्ये. २००२ ला डॉट नेट आलं, पण जुना कोड त्यात सरळ बसेना. २००५ मध्ये जगभरच्या प्रोग्रामरनी ते चालू ठेवा म्हणून सह्यांचं निवेदन दिलं, तरी २००८ मध्ये त्या टूलचा सपोर्ट संपला. सिल्व्हरलाइट २०२१ मध्ये गेलं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकाच कोडमधून ॲप करता यावं म्हणून लोकांनी झामरिन धरलं, त्याचा सपोर्ट १ मे २०२४ ला बंद झाला. आता म्हणतात डॉट नेट माउईवर या. त्यातही लिनक्सला अधिकृत जागा नाही.

मी कंपनीला शिव्या घालत नाही. तिचा माल, तिचा निर्णय. आणि अशा सोप्या टूलमुळंच गावोगावच्या पोरांना स्वस्तात मराठी प्रोग्राम लिहिता आले, हेही खरं. ओपन सोर्सचे प्रकल्पसुद्धा बंद पडतात. फरक एवढाच की तिथं कोड हातात राहतो, दुसरा कोणीतरी पुढं नेऊ शकतो.

केंद्र सरकारनं २०१५ मध्ये स्वतःच्या कामासाठी ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण केलं. २०२२ मध्ये ६३,००० विकास संस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली, सगळ्यांना एकच सामायिक सॉफ्टवेअर. पतसंस्था त्या योजनेत नाहीत. त्यांनी आपलं आपणच बघायचं.

मग काय करायचं? सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होतात. तिथं आपण लाभांश विचारतो, भेटवस्तू विचारतो. यंदा चार प्रश्न जादा विचारा.

१. सॉफ्टवेअरचा सोर्स कोड संस्थेकडं आहे का? नसेल तर, पुरवठादार बंद पडल्यास तो मिळेल असं करारात लिहिलंय का?
२. सगळा डेटा साध्या, कुठंही उघडणाऱ्या फाइलमध्ये काढून मिळतो का? काढून बघितलाय का?
३. नावं युनिकोडमध्ये आहेत का?
४. नवीन घेणार असाल तर ते मोबाईल, विंडोज, लिनक्स कशावरही ब्राउझरमधून चालेल का?

उत्तर "बघतो" असं आलं, तर ते इतिवृत्तात लिहून घ्या.

तिजोरीची किल्ली कोणाकडं असते हे प्रत्येक संचालकाला पाठ असतं. पण खरी तिजोरी आता कॉम्प्युटरात आहे. तिची किल्ली कोणाकडं, हेही त्यांना सांगता आलं पाहिजे.

तुमच्या संस्थेत काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. संस्थेचं नाव नको, उत्तर तेवढं लिहा.